उंबरठ्यावरचे मांजर : मोठ्या मांजराची पहिली लस

१९०८ साली लंडनच्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या वैद्यकीय साप्ताहिकात एक लेख छापून आला. प्लेग अडवण्यासाठी मांजरे पाळावीत, असे त्यात सांगितले होते. लेखकाचे नाव लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्यूकॅनन. हे गृहस्थ इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर आणि आपल्या अमरावतीचे सिव्हिल सर्जन.

तो काळ डोळ्यांपुढे आणला म्हणजे लेखाचे महत्त्व कळते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उतरला. तिथून तो पुण्यात, पुढे देशभर पसरला. १८९७ च्या जानेवारीत हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. १८९८ मध्ये सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदराच्या अंगावरच्या पिसवांकडे बोट दाखवले. उंदीर मेला की पिसवा माणसाकडे वळतात, हे हळूहळू सगळ्यांना पटू लागले. मग सरकारने उंदीर मारण्याच्या मोहिमा काढल्या, सापळे वाटले. वऱ्हाड म्हणजे कापूस आणि ज्वारीचा मुलूख. घरोघरी कणग्या, गावोगावी कोठारे. उंदरांना इथे काय कमी? ब्यूकॅनन यांचे म्हणणे साधे होते : माणसाने मारलेले उंदीर पुन्हा येतात, पण मांजर घरात कायम राहते. ज्या गावात मांजरे भरपूर, तिथे प्लेगला वाव कमी.

आज या मताला पूर्णविराम देता येणार नाही. कारण मांजरालाही प्लेग होतो, आणि चांगलाच होतो. प्लेगचा उंदीर खाल्लेले मांजर आजारी पडते आणि त्याच्यापासून माणसालाही लागण होऊ शकते, हे पुढे अमेरिकेतल्या उदाहरणांवरून स्पष्ट झाले. म्हणजे आपल्यासाठी रोगाचे उंदीर मारणारे मांजर त्याच तोंडाने रोग घरात आणूही शकते. कुत्रा दाराशी बसतो, गाय गोठ्यात असते. मांजर मात्र रात्री धुऱ्यावर आणि पहाटे आपल्या गोधडीत. घर आणि रान यांच्यामधला उंबरठा रोज दहादा ओलांडणारा घरातला हा एकच प्राणी. मांजराच्या लसीचा विचार या उंबरठ्यापासून सुरू केला, तर पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

मी शिक्षणाने पशुवैद्य नाही. वाचन, विचारपूस आणि दवाखान्यांतल्या बाकांवर बसून ऐकणे, एवढीच माझी शिदोरी. अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांत हा विषय काढला की एक वाक्य हमखास ऐकू येते : "मांजराले कायची सुई जी? थे तं असंच जगते." या लेखाचा खटाटोप त्या वाक्यासाठी आहे.

जगले म्हणजे सुटले का?

लसीची माहिती शोधली की बहुतेक ठिकाणी पिलांचे वेळापत्रक सापडते. पण आपल्याकडे मांजर पिलू म्हणून विकत आणलेले फारसे नसते. ते येते. पावसाळ्यात एखादी मांजरी माळ्यावर शिरते, डाळ मिलच्या आवारातला बोका दुपारी ओसरीवर झोपू लागतो, शेजारी घर सोडून गेले की त्यांचे मांजर आपल्याकडे उरते. दोन-तीन वर्षांचे असे मांजर घरातले होऊन जाते आणि मग कोणीतरी विचारते, याला कधी लस दिली का? उत्तर कोणालाच ठाऊक नसते. तिथून पुढचा तर्क ठरलेला : इतकी वर्षे काही झाले नाही, म्हणजे हे काटक आहे, आता काय करायचे?

या तर्कात एक खोट आहे. मांजरीला चार-पाच पिले होतात. त्यातली किती वर्षभराने दिसतात? जी गेली ती कोपऱ्यात, नालीत, तुराट्यांच्या ढिगामागे गेली. त्यांची मोजदाद कोणी केली नाही. जे एक उरले ते आपल्यासमोर शेपटी उंच करून फिरते आणि आपण म्हणतो, मांजरे अशीच जगतात. उरलेल्यांकडे पाहून गेलेल्यांचा हिशेब लागत नाही.

तरीही या तर्कात थोडे खरे आहे. लहानपणी एखादा रोग झाला आणि त्यातून मांजर वाचले, तर त्या रोगाविरुद्ध त्याच्या शरीरात संरक्षण तयार झालेले असू शकते. पण हे प्रत्येक रोगाला सारखे लागू नाही. पॅनल्युकोपेनियातून वाचलेल्या मांजराला त्या रोगापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते. हर्पिसमधून वाचलेल्या मांजराच्या शरीरात तो विषाणू जन्मभर दबा धरून राहतो. आणि रेबीजमधून वाचलेले मांजर म्हणून भरवसा ठेवावा असे काही नसतेच. मोठे मांजर जिवंत आहे यावरून रेबीजपुरती एकच गोष्ट सिद्ध होते, की आजवर त्याला तो रोग झालेला नाही.

लस कोणाकोणाविरुद्ध?

जागतिक लहान-प्राणी पशुवैद्यक संघटना, म्हणजे 'वसावा', लसीकरणाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध करते. त्यांची अलीकडची आवृत्ती २०२४ ची आहे. प्रत्येक मांजराला द्याव्यात अशा लसींना तिथे मूळ लसी मानले आहे. त्यात तीन विषाणू आहेत आणि आपल्यासारख्या रेबीज असलेल्या देशात चौथा रेबीज.

पहिला पॅनल्युकोपेनिया. हा पार्व्हो घराण्यातला विषाणू. कुत्र्यांचा पार्व्हो आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक आहे. तो १९७८ च्या सुमारास जगभर पसरला, आणि तो मांजराच्या या जुन्या विषाणूचा अगदी जवळचा नातेवाईक. हा रोग आतड्यावर आणि रक्त तयार करणाऱ्या मज्जेवर एकदम हल्ला करतो. उलट्या, जुलाब, ताप. रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटतात, म्हणून हे नाव. या विषाणूचा चिवटपणा विलक्षण आहे. जमिनीत, फटींत, पोत्यांत तो वर्षभरही टिकू शकतो. फिनेलच्या पोछ्याने तो जाईलच याचा भरवसा नाही, त्याला ब्लीचिंगचे पाणी लागते. शिवाय तो चपलांना चिकटून येतो. 'आमचे मांजर घराबाहेर जातच नाही' हे उत्तर म्हणून इथे लंगडे पडते. मांजर बाहेर जात नसेल, आपण तर जातो.

दुसरा आणि तिसरा म्हणजे हर्पिस आणि कॅलिसी. लोक ज्याला मांजराची सर्दी म्हणतात, तिच्यामागे बहुतेक वेळा या दोघांपैकी एक असतो. शिंका, चिकटलेले डोळे, वाहते नाक. हर्पिसने डोळ्याच्या बाहुलीवर जखम होऊ शकते. कॅलिसीने जिभेवर आणि टाळूवर फोड येतात, मांजर भुकेले असूनही खात नाही. या दोघांवरची लस लागण पूर्णपणे रोखत नाही. ती आजाराचा जोर कमी करते. हे आधीच समजून घेतले की 'लस दिली तरी शिंकलेच' म्हणून पुढे निराशा होत नाही.

चौथा रेबीज. याच्याविषयी वेगळे काय सांगावे? लक्षणे दिसू लागल्यावर माणूस असो वा जनावर, मृत्यू जवळजवळ निश्चित. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे रेबीजने मरतात, आणि त्यात भारताचा वाटा सर्वांत मोठा आहे. आपल्याकडे तो मुख्यतः कुत्र्यांमधून फिरतो. पण रात्री गल्लीत कुत्र्यांशी आणि शेतात मुंगसा-कोल्ह्यांशी गाठ पडते ती मांजराची. चावलेले मांजर लपून बसते, जखम केसांखाली झाकली जाते, आणि काही आठवड्यांनी ते अचानक बदलते. एरवी मायाळू मांजर अंगावर धावून येते, किंवा अंधारात गप्प पडून राहते. त्याला उचलून घेणारे हात बहुधा लहान मुलाचे असतात. वरच्या तीन लसी मांजरासाठी आहेत. ही चौथी घरातल्या सगळ्यांसाठी आहे.

याशिवाय मांजराच्या ल्युकेमियाचीही लस असते. वर्षाच्या आतील मांजरांना आणि बाहेर फिरणाऱ्या मोठ्या मांजरांना, जिथे तो रोग आढळतो तिथे ती द्यावी असे सांगतात. ती उपलब्ध आहे का आणि आधी रक्ततपासणी करावी का, हे पशुवैद्यांना विचारून ठरवावे. सतत मारामाऱ्या करून फाटके कान घेऊन येणाऱ्या बोक्याच्या बाबतीत तर ही तपासणी विशेष उपयोगी. चाव्यातून पसरणारा, प्रतिकारशक्ती पोखरणारा एक विषाणू अशा बोक्यांत आढळतो, आणि तो असेल तर कोणती लस द्यायची हा निर्णय बदलू शकतो.

पिलाला अनेकदा, मोठ्याला दोनदा : असे का?

इथे मोठ्या मांजराच्या बाजूने एक चांगली बातमी आहे. ती कळायला गायीचा चीक आठवावा लागेल.

गाय व्यायली की पहिले दोन-तीन दिवस वासराला चीक पाजलाच पाहिजे, हे शेतकऱ्याच्या घरात कोणाला शिकवावे लागत नाही. चिकातून आईची तयार प्रतिपिंडे वासराला मिळतात. मांजरीच्या पिलांचेही तसेच. आईकडून आलेली ही प्रतिपिंडे पिलाला काही आठवडे सांभाळतात, पण तीच लसीच्या आड येतात. लसीतला दुबळा केलेला विषाणू पिलाच्या शरीराला ओळख पटवून देण्याआधीच आईची प्रतिपिंडे त्याला निकामी करतात. ती कधी ओसरतील हे प्रत्येक पिलात वेगळे : कोणात आठव्या आठवड्यात, कोणात सोळाव्या. म्हणून पिलांना सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत पुन्हा पुन्हा लस द्यावी लागते आणि पुढे आणखी एक.

मोठ्या मांजरात आईची प्रतिपिंडे उरलेली नसतात. त्यामुळे त्याचा कार्यक्रम सुटसुटीत आहे :

पहिल्या भेटीत तिहेरी लस. तिच्यात पॅनल्युकोपेनिया, हर्पिस आणि कॅलिसी तिन्ही एकत्र असतात.

दोन ते चार आठवड्यांनी तिहेरी लसीची दुसरी मात्रा.

रेबीजची एक मात्रा. ती पहिल्या किंवा दुसऱ्या भेटीत देता येते. वर्षाने पुन्हा एक.

झाले. दोन भेटी. पॅनल्युकोपेनियाविरुद्ध जिवंत, पण दुबळ्या विषाणूच्या लसीची एक मात्राही मोठ्या मांजराला बहुधा पुरते. दुसरी मात्रा लागते ती मुख्यतः हर्पिस आणि कॅलिसीसाठी. पहिल्या वेळी शरीराची शत्रूशी तोंडओळख होते. दुसऱ्या वेळी शरीर त्याला लांबूनच ओळखते आणि त्याचा बंदोबस्त अधिक जोरात करते. म्हणून दोन मात्रांत निदान दोन आठवड्यांचे अंतर हवे. घाईने आठवड्यातच दुसरी मात्रा घेऊन काही साधत नाही. उलट महिना उलटून गेला, तर पशुवैद्यांना तसे स्पष्ट सांगावे. किती उशीर झाला यावर पुढचे ठरते.

त्यानंतर पॅनल्युकोपेनियासाठी तीन वर्षांनी एक मात्रा चालते. बाहेर फिरणाऱ्या किंवा अनेक मांजरांत राहणाऱ्या मांजराला हर्पिस-कॅलिसीसाठी दरवर्षी द्यावी असा सल्ला असतो. लस तिहेरी असल्याने आपल्याकडचे बहुतेक दवाखाने सगळेच वार्षिक ठेवतात. रेबीजचे पुढचे अंतर लसीच्या लेबलप्रमाणे. तेही इथे दरवर्षीच देण्याची रीत आहे.

लस पूर्वी झाली आहे की नाही हे ठाऊक नसेल तर? झालेली नाही असे धरावे आणि वरचा कार्यक्रम पार पाडावा. आधीच संरक्षण असलेल्या मांजराला पुन्हा मात्रा मिळाल्याने नुकसान होत नाही.

सुईआधी तीन प्रश्न

पहिला प्रश्न : मांजर आज बरे आहे का? ताप, जुलाब, खाणे सुटलेले असेल तर लस पुढे ढकलतात. मांजराच्या अंगाचे तापमान मुळातच आपल्यापेक्षा जास्त, साधारण ३८ ते ३९.२ अंश असते. त्यामुळे हाताला गरम लागले म्हणजे ताप आहे असे नाही. दवाखान्यात मोजू द्यावे. पोटात जंत असतील तर जंतनाशक आठवडाभर आधी दिलेले बरे.

दुसरा प्रश्न, आणि तो सर्वांत जास्त विसरला जाणारा : मांजरी गाभण आहे का? आपल्याकडच्या बहुतेक मांजरींची नसबंदी झालेली नसते. तिहेरी लसीत जिवंत विषाणू असेल तर गाभण मांजरीला ती देत नाहीत. पॅनल्युकोपेनियाचा विषाणू गर्भातल्या पिलांच्या लहान मेंदूची वाढ खुंटवू शकतो. अशी पिले जन्मभर डुलत, तोल जात चालतात. शंका असेल तर पशुवैद्यांना पोट तपासू द्यावे. नसबंदी करायचीच असेल तर दोन्ही कामे जवळजवळ आखता येतात. रस्त्यावरच्या मांजराला नसबंदीच्या वेळीच लस टोचून सोडण्याची पद्धत जगभर आहे, कारण ते पुन्हा हाती लागेल याचा भरवसा नसतो.

तिसरा प्रश्न : नेणार कसे? मोठे मांजर पोत्यात घालून स्कूटरवर नेले, तर दुसऱ्या मात्रेच्या दिवशी ते सापडतच नाही. आणि वऱ्हाडच्या उन्हात बंद पोते हा जिवाशी खेळ आहे. जाळीचा पिंजरा नसेल, तर भाजीचे प्लास्टिकचे दोन कॅरेट एकमेकांवर पालथे घालून घट्ट बांधले तरी काम भागते. चार दिवस आधी ते घरातच ठेवावे, आत त्याची जुनी चादर टाकावी, खाणे तिथेच द्यावे. नेताना वरून कापड झाकावे. न दिसणाऱ्या कुत्र्याला मांजर कमी भिते.

पंचेचाळीस अंशांतली लस

लस म्हणजे नाजूक माल. ती २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजे, कारखान्यापासून सुईपर्यंत. अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, हे सांगायला हवामान खाते नको. अशा दिवसांत दुकानातून घेतलेली बाटली खिशात घालून अर्धे गाव ओलांडले, तर सुईत पाणीच उरले असे समजावे. उलट टोकही वाईट. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून गोठलेली रेबीजची लस बाद होते. वीज तासन्‌तास जात असेल, तर लस घरी आणून ठेवूच नये. ती दवाखान्यातच असावी आणि तिथेच टोचून घ्यावी.

तिहेरी लस बहुधा दोन बाटल्यांत येते : एकीत वाळवलेली भुकटी, दुसरीत द्रव. दोन्ही आपल्यासमोर मिसळायला सांगावे. मिसळल्यावर ती लगेच, अर्ध्या तासाच्या आत वापरायची असते. 'मांजर लहान आहे, अर्धीच देतो, उरलेली दुसऱ्याला' हा काटकसरीचा मार्ग चुकीचा आहे. लसीची मात्रा वजनावर ठरत नाही. दोन किलोच्या मांजरीला आणि सहा किलोच्या बोक्याला मात्रा सारखीच, आणि ती पूर्ण.

अमरावती आणि अकोला शहरांत लहान प्राण्यांचे खासगी दवाखाने आहेत. अकोल्यात महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थाही आहे, जिथे पशुवैद्यकाचे शिक्षण आणि उपचार दोन्ही चालतात. गावोगावचे सरकारी दवाखाने मात्र प्रामुख्याने गुरांसाठी उभे राहिले आहेत : लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या. तिथल्या फ्रीजमध्ये मांजराची तिहेरी लस असेलच असे नाही. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, अचलपूर अशा ठिकाणाहून निघायचे असेल, तर आधी फोन करून लस आहे का, किती वाजता यावे, एवढे विचारून घ्यावे. एक फेरी वाचते आणि मांजराचा एक धसकाही.

लसीवरचा विश्वास आपल्या मुलखाला नवा नाही. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा जळगाव, बुलढाणा, अकोला, अमरावती या पट्ट्यात गुरांच्या लसीकरणासाठी कशी धावपळ झाली, ते सर्वांनी पाहिले. शेळ्यांच्या देवीची लस तेव्हा गायी-बैलांना टोचली गेली आणि गोठेच्या गोठे रांगेत उभे राहिले. बैल गेला की हंगाम जातो, म्हणून तिथे कोणी 'असंच जगते' म्हटले नाही. मांजर गेले तर सातबारावर काही फरक पडत नाही, एवढाच भेद.

सुई कुठे, आणि नंतर काय?

पूर्वी सगळीकडे मानेमागच्या सैल कातडीत लस टोचत. आपल्याकडे अजूनही बहुतेक ठिकाणी तसेच चालते. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी लक्षात आणून दिले की लस टोचलेल्या जागी काही मांजरांत पुढे एक घातक गाठ होते. हे फार क्वचित घडते, साधारण दहा हजार ते तीस हजार मात्रांत एखादे, असे अंदाज आहेत. म्हणून लस टाळणे शहाणपणाचे नाही. रेबीजचा धोका त्याहून कितीतरी मोठा. पण सुई पायाच्या खालच्या भागात किंवा शेपटीत द्यावी असे आता सांगतात, कारण गाठ झालीच तर तिथून काढता येते. मानेत, दोन खांद्यांच्या मध्ये ती काढणे फार कठीण. 'पायात देता का?' एवढे विचारायला हरकत नाही. कोणती लस कोणत्या पायात दिली तेही कार्डावर लिहून घ्यावे.

गाठीबाबत तीन-दोन-एक हा नियम लक्षात ठेवावा. तीन महिन्यांनंतरही गाठ राहिली, दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी झाली, किंवा एक महिन्यानंतर ती वाढतच असेल, यातले काहीही झाले तर पशुवैद्यांकडे परत जावे. त्याआधी येणारी लहानशी सूज बहुधा आपोआप जिरते.

लस दिल्यावर अर्धा तास दवाखान्याजवळ थांबावे. तोंड सुजणे, सतत उलटी, धाप लागणे अशी तीव्र प्रतिक्रिया विरळाच, पण ती सहसा लवकर दिसते आणि तिच्यावर इलाज असतो. एक-दोन दिवस मांजर सुस्त राहणे, कमी खाणे, थोडी कणकण असणे हे नेहमीचे. इथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे : ताप आला म्हणून मांजराला पॅरासिटामॉल देऊ नये. आपल्या घराघरात असलेली ती गोळी मांजराच्या यकृताला पचवता येत नाही. तिच्या थोड्याशा अंशानेही मांजर दगावते. दोन दिवसांत मांजर पूर्ववत झाले नाही, तर फोन करावा, घरचे औषध नको.

चावा बसला तर

मांजराला लस दिली म्हणजे माणसाची लस टळली, असा एक समज पसरलेला आहे. तो घातक आहे. मांजराने चावले किंवा रक्त येईल असे ओरबाडले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. मिरची, हळद, चुना काही भरू नये. मग त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जावे. सरकारी रुग्णालयांत रेबीजविरोधी लस मिळते आणि जखम खोल असेल तर सोबत प्रतिपिंडांचे इंजेक्शन लागते. ते जखमेतच देतात.

मांजर घरचे असेल तर त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवतात. मांजराच्या लाळेत रेबीजचा विषाणू उतरतो तो लक्षणे दिसण्याच्या थोडेच दिवस आधी. दहा दिवसांनी मांजर ठणठणीत असेल, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे म्हणता येते. पण लस सुरू करायला त्या दहा दिवसांची वाट पाहायची नसते. आधी सुरुवात, मग नजर. मांजर ठीक राहिले तर पुढच्या मात्रा थांबवायच्या का, हे डॉक्टर ठरवतात.

आणि लस नसलेल्या मांजराला कुत्रा चावल्याचे दिसले, तर? हातमोजे घालून जखम धुवावी, लगेच पशुवैद्यांकडे न्यावे आणि ते सांगतील तोवर मुलांपासून दूर ठेवावे. आधी लस झालेल्या मांजराला अशा वेळी पुन्हा मात्रा देऊन बरेचसे निभावता येते. न झालेल्याच्या बाबतीत प्रश्न फार अवघड होऊन बसतो, आणि कधी कधी त्या घराला नको असलेला निर्णय घ्यावा लागतो.

दिवाळीनंतरचे दिवस

कामाला मुहूर्त लागतोच असे नाही, पण या कामाला आपल्याकडे एक चांगला हंगाम आहे. कार्तिक-मार्गशीर्षात ऊन उतरलेले असते, त्यामुळे प्रवासाचा आणि लसीचा दोन्हींचा धोका कमी. दिवस मोठे होऊ लागले की मांजरी माजावर येतात. त्याच्या आधीच्या या दिवसांत गाभण असण्याची शक्यता कमी. फटाक्यांनी बिथरून पळालेली मांजरे भाऊबीजेपर्यंत परतलेली असतात. परतलेल्या मांजराच्या अंगावरून एकदा हात फिरवावा, चाव्याची जखम आहे का पाहावी. पहिल्या मात्रेची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहावी आणि तीन आठवडे पुढे मोजून दुसरीही तेव्हाच लिहून टाकावी. कार्डावर लसीच्या बाटलीवरचे लेबल चिकटवून घ्यावे; पुढच्या वर्षी दवाखाना बदलला तरी तो कागद बोलतो.

ब्यूकॅनन साहेबांनी वऱ्हाडातल्या मांजरांची बाजू जगापुढे मांडली, त्याला आता शंभराहून अधिक वर्षे झाली. प्लेग गेला, कणग्यांच्या जागी पोती आणि पत्र्याच्या कोठ्या आल्या, पण उंदीर आहेत आणि मांजरेही आहेत. रात्री आपल्या घराची हद्द ओलांडून ती जातात आणि सकाळी परत येतात, आपण हाक मारली तरी आणि नाही मारली तरी. त्या जाण्या-येण्यावर आपला ताबा नाही. दोन भेटींची लस मात्र आपल्या हातात आहे.